डिझेलचं स्थळ

सुखदेवकाका फ्रिज घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी दुकानदाराला पहिलाच प्रश्न विचारला, "याची आधी कुठं सोयरीक झाली होती काय?"

दुकानदार गडबडला. फ्रिज कुणी वापरलेला आहे का, असं हे विचारत असावेत, असं समजून तो म्हणाला, "नाही काका, डबाबंद माल आहे."

"डबाबंद त सगळेच असते," काका म्हणाले. "डबा उघडल्यावरच समजते मानूस कसा हाये थे."

त्या दुकानदाराचा काही दोष नव्हता. मालेगावात नव्यानं आलेल्या कुणालाही काकांची भाषा समजायला वेळ लागतो. मालेगाव म्हणजे आमचं वाशिम जिल्ह्यातलं, जहांगीरचं. इथं वाशिम रोडला माझं बियाण्यांचं दुकान आहे आणि मागच्या गल्लीत माझं घर. माझ्या घराची भिंत आणि काकांच्या घराची भिंत एकच. काकांनी आयुष्यभर शेती केली, पण त्यांचं खरं काम सोयरिकी जमवायचं. तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांच्या मध्यस्थीनं झाली, असं ते स्वतः म्हणतात. उरलेली निम्मी त्यांना न विचारता झाली म्हणून ती कशीबशी चालू आहेत, असंही म्हणतात. या दुसऱ्या गटात त्यांची स्वतःची मुलगी आहे. तिनं अकोल्यात आपलं आपण ठरवलं. जावई चांगला आहे, काकांना आवडतोही, पण त्याची ओळख करून देताना काका अजून "हे आमचे परस्पर आलेले जावई" असंच म्हणतात.

आता इतकी वर्षं स्थळं पाहिल्यावर माणसाला सगळीकडे स्थळंच दिसू लागतात. काका वांगी घेतानाही देठ उचलून घराणं पाहतात. चप्पल घेताना तिला चार पावलं चालवून बघतात आणि मग घरी जाऊन सांगतो म्हणून परत येतात. त्यांचा एक नियम आहे, तीन स्थळं पाहिल्याशिवाय होकार द्यायचा नाही. आणि कुणी घाई केली, की त्यांचं ठरलेलं वाक्य, "घाई कायची? अक्षदा वाटून झाल्या काय?"

त्यांच्या घरात दोघंच असतात, काका आणि शेवंताकाकू. काकूंना ऐकू येत नाही. लहानपणापासून नाही, गेल्या दहा-बारा वर्षांत हळूहळू गेलं. मुलीनं कानातलं मशीन आणून दिलं होतं. काकूंनी ते दोन दिवस घातलं, "कानात रातकिडा कोंबल्यावानी वाटते" म्हणाल्या आणि काढून ठेवलं. त्यापेक्षा त्या समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकल्या. कुणी शिकवलं नाही. आणि शिकल्या त्या अशा, की रस्त्यापलीकडे बोलणाऱ्या बाईचं बोलणंही त्या ओट्यावर बसून वाचतात. आमच्या गल्लीत चुगली करायची असेल, तर बायका काकूंच्या घराकडे पाठ करून उभ्या राहतात. पुरुष तोंडावर रुमाल धरतात. काकू मग मोठ्यानं विचारतात, "काहून गा, दात दुखून राह्यला काय?"

नवराबायकोचं भांडण रोजचं, आणि दिवसा ते अगदी बरोबरीचं व्हायचं. काकू बोलायच्या, काका उत्तर द्यायचे, काकू ते ओठांवरून टिपून दुप्पट करून परत पाठवायच्या. पण लाईट गेली, की सगळा कारभार बदलायचा. अंधारात काकूंना काकांचे ओठ दिसत नाहीत. काकूंचा आवाज मात्र अंधारातही गल्लीभर जातो.

त्या वैशाखात मोठं वादळ आलं. जऊळक्याकडचे खांब आडवे झाले आणि लाईट गेली ती दिवसचे दिवस. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होते त्यांच्या बॅटऱ्यांनी पहिल्याच संध्याकाळी मान टाकली. आम्ही सगळे ओट्यांवर येऊन बसलो. काकांच्या घरातून काकूंचं सुरू झालं.

"माह्या भावाच्या लग्नात जेवाले बसले त उठलेच नाही! पंगत उठली, हे बसूनच!"

"अवं, थे वाढपी थांबूच देत नव्हता..." काकांचा आवाज.

"अन आता तोंड शिवून बसले! जवाब आहे काय?"

"देऊन राह्यलो ना जवाब! आयक त!"

"नाहीच आहे जवाब! मले मालूमच होतं!"

सगळी गल्ली तोंडाला पदर, रुमाल, हाताला येईल ते लावून हसत होती. दुसऱ्या दिवशी काकांनी उपाय काढला. टॉर्च हनुवटीखाली धरून बोलायला सुरुवात केली. काकू किंचाळल्या, "भुतावानी कायले करता?" आणि भांडणाला आणखी एक विषय मिळाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका दुकानात येऊन बसले. सोयाबीनच्या बियाण्याच्या पोत्यावर. "दीपक," ते म्हणाले, "जनरेटर पाह्याचं हाये."

"काहून काका?"

"तिकडून येते, इकडून जात नाही. असा एकतर्फी कारभार कोन्या कोर्टात चालत नाही. मले जवाब द्या लागते."

आता जनरेटर पाहायचं म्हणजे आधी तेल ठरवायचं. पेट्रोलवरचं, गॅसवरचं की डिझेलवरचं. तीन प्रकार आहेत म्हटल्यावर काका खूश झाले. तीन स्थळं घरबसल्याच आली होती. पाहायला जायचं त्या दिवशी त्यांनी धुवट सदरा घातला, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि माझ्या गाडीवर मागं बसले. बैठकीला मुलाकडचे चार लोक पाहिजेत म्हणत होते, मी कसंबसं माझ्या एकट्यावर भागवलं.

पेट्रोलचं स्थळ गावातच होतं. मंडपवाल्या रफिकभाईंकडे छोटी मशीन होती, त्यांना एक विकायची होती. काकांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. उचलून पाहिली.

"नाकीडोळी चांगली हाये. हलकीही हाये."

"काका, एक झटका मारला के चालू!" रफिकभाईंनी दोरी ओढली. मशीन खरंच पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"लवकर पेटते," काका मान हलवत म्हणाले. "म्हनजे लवकर रागावत असन. बरं, आमच्याकडं लाईट रोज नाही जात. दोन-तीन महिने काम नाही पडलं त?"

रफिकभाई खरं बोलणारा माणूस. "मंग पेट्रोल शिळं होते काका. कार्बोरेटर जाम होते. अधूनमधून चालवा लागते."

"म्हनजे रिकामं बसलं का बिघडते," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "असे पोट्टे म्या लय पाह्यले."

घरी आल्यावर काकूंनीही नापसंती दिली. पेट्रोलचा डबा घरात ठेवायचा आणि देवापुढं दिवाही लावायचा, हे त्यांना पटेना. दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्याकरवी रफिकभाईंना निरोप पाठवला, "पत्रिका जुळत नाही. मुलीत खोट नाही. मन दुखवून घेऊ नका." रफिकभाईंनी निरोप ऐकून घेतला आणि मला विचारलं, "काकांची तबियत ठीक आहे ना?"

गॅसचं स्थळ काकांच्या भाच्यानं आणलं. मोहन त्याचं नाव, वाशिमला असतो, सगळ्या विषयांवर सल्ला देतो. तो घरीच आला आणि मोबाईलवर फोटो दाखवू लागला. "मामा, गॅसवरचं घ्या. धूर नाही, वास नाही, आवाज कमी. सिलिंडर लावलं का काम झालं."

मोहन बोलत होता काकांशी, पण त्याचे ओठ वाचत होत्या काकू. सिलिंडर हा शब्द त्यांनी पकडला.

"कोनतं सिलिंडर?"

"तुमचं नाही मामी, याचं वेगळं घ्या लागते, कमर्शियल..."

"अन थे संपलं का मंग?" काकू शेगडीपुढून उठून आल्या. "मंग ह्यायचे डोये कुठं जातीन? माह्या सिलिंडरकडं! अवो, सवत आनता काय माह्या घरात? माह्यासंगं एकाच सिलिंडरवर नांदनार हाये काय थे?"

मोहननं समजावण्याचा प्रयत्न केला. काकूंनी डोळे मिटून घेतले. ही त्यांची युक्ती. डोळे मिटले, की जगातला कुठलाही वाद तिथं संपतो. मोहन चहा न घेता वाशिमला गेला.

राहिलं डिझेल. जऊळक्याच्या एका डाळ मिलमध्ये घरगुती मापाचं एक डिझेल जनरेटर होतं. मालकाला मोठं घ्यायचं होतं म्हणून ते विकायला काढलं होतं. काका थोडे नाराज होते. "बिजवर हाये," ते म्हणाले. "पन खात्यापित्या घरातलं हाये. पाहून येऊ." या वेळी काकू म्हणाल्या, मीही येते. मग मी गाडी ठेवून ओळखीच्या एकाची चारचाकी काढली.

मिलमध्ये शेडच्या कोपऱ्यात ते उभं होतं. काळं, ठेंगणं, रुंद. काका समोर खुर्ची घेऊन बसले आणि मेस्त्रीला म्हणाले, "चालून दाखवा."

मेस्त्रीनं हँडल मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. "थंड आहे, उशीर लागते," तो म्हणाला. मग ते सुरू झालं. काय सांगावं! पत्र्यावरचे पारवे उडाले. शेड थरथरू लागली. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी नाचू लागलं. मी कानांवर हात ठेवले, मालकानं ठेवले, काकांनीही ठेवले. मेस्त्री हातवारे करून सांगू लागला, की डिझेल सांडलं तरी पेट्रोलसारखं भडकत नाही, कमी पितं, दिवसभर चालतं. आम्हाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

काकू मात्र सरळ मशीनजवळ गेल्या. त्यांनी भिंतीच्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. मग वळून आमच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा फुलला होता. त्या काहीतरी ओरडल्या. मेस्त्रीनं मशीन बंद केलं तेव्हा त्यांचं शेवटचं वाक्य आमच्या कानावर पडलं.

"हे बोलते!"

मिलमधली माणसं हसली. मालक म्हणाला, "आवाजाचं टेन्शन घेऊ नका काका, याला पेटी बसवून देतो. सायलेंट होऊन जाईल."

काकूंनी त्याचे ओठ वाचले आणि हात हलवला. "नाही, नाही. पेटीत कायले कोंडता? मले समजलं पाह्यजे चालू हाये का बंद हाये थे."

काकांनी अजून मायलेज विचारलं नव्हतं, खोट विचारली नव्हती, आधीच्या घरातून का निघालं हेही नीट विचारलं नव्हतं. ते काकूंच्या हाताकडे पाहत होते. तो हात अजून पत्र्यावरच होता, मशीन बंद झालं तरी.

"पसंत हाये," काका म्हणाले.

"पन काका, आवाज केवढा आहे!" मी म्हणालो.

"संसारात आवाज असतेच बाप्पा."

जनरेटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गल्लीत आलं. काकूंनी ओवाळलं, हळदीकुंकू लावलं. काकांनी उंबऱ्यात तांदळाचं माप ठेवायचा आग्रह धरला, पण ते उतरवणाऱ्या चौघांनी साफ नकार दिला. परसात, घराच्या खिडक्यांपासून दूर, पत्र्याचं छप्पर करून ते बसवलं आणि धुराची नळी वावराकडे काढली. घरात एक खटका बसवला. इकडे ओढला की लाईन, तिकडे ओढला की जनरेटर. काका रोज सकाळी परसात जाऊन नव्या पाहुण्याची विचारपूस करून येत.

तोवर खांब उभे राहून लाईट आली होती, आणि मग ती जाईचना. पावसाळा गेला, दसरा-दिवाळी गेली. काका बेचैन. "लगन झालं, पन बोलाचाली नाही," असं म्हणत ते माझ्या दुकानात पोत्यावर बसून राहायचे.

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले. सगळ्या वावरांतल्या मोटारी एकदम चालू झाल्या आणि एका संध्याकाळी आमच्या भागाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. दिवेलागणीचीच वेळ. गल्ली अंधारली. आम्ही शाली पांघरून ओट्यांवर येऊन बसलो. आज काका जबाब देणार होते. लहानमोठे सगळे जमले.

परसातून हँडलचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग धडधडाट सुरू झाला. काकांच्या घरात दिवा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग काहीच नाही. म्हणजे धडधडाट होता, पण भांडण नाही. भांडण असलं तरी आम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं. लोक चिडले. शेजारी म्हणून मलाच पुढं ढकललं, "जाऊन पाह्य, कोन जिकून राह्यलं."

काकांचं दार उघडंच होतं. आत दिव्याखाली बाजेवर दोघं समोरासमोर बसले होते. काकू बोलत होत्या, हातवारे करत होत्या, अगदी जोरात. काका कानाला हात लावून "आं? आं?" करत होते. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. काका काही बोलले, की काकू ते ओठांवरून तत्काळ वाचायच्या आणि उत्तर द्यायच्या, आणि ते उत्तर त्या धडधडाटात बुडायचं. ज्या जबाबासाठी काकांनी तीन स्थळं पाहिली, तो त्यांनी दिला होता. पण आता तिकडून आलेलं त्यांना समजत नव्हतं.

मला हसू आवरेना. काका वैतागून उठले, बहुतेक मशीन बंद करायला. काकूंनी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं. स्वतःच्या ओठांवर बोट टेकवलं. इकडे पाहा. आणि हळू, अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं काहीतरी म्हणाल्या. काकांनी डोळे बारीक केले, पुढं झुकले आणि काहीतरी उत्तर दिलं. ते ऐकून, म्हणजे वाचून, काकू इतक्या हसल्या, की त्यांना पदरानं डोळे पुसावे लागले.

तेवढ्यात काकांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ते बाहेर आले आणि मला हाताला धरून फाटकापर्यंत घेऊन गेले. तिथं जरा ऐकू येत होतं.

"थे म्हने, पोहे करू का," काका म्हणाले. "मले दिसलं, मोहन आला का. म्या म्हनलं, थो कायले येते, आपन त्याचं गॅसचं स्थळ नाकारलं ना."

मी हसलो. काकाही हसले. मग त्यांनी स्वतःचे ओठ चाचपले.

"दीपक, हे 'प' अन 'म' तोंडावर सारखेच दिसते. तुले मालूम होतं?"

"नाही काका."

"मलेही नव्हतं." ते घराकडे पाहत राहिले. "दहा-बारा वर्सं झाले. थे रोज हेच करून राह्यली. सकायपासून झोपेपर्यंत. म्या पाच मिनिटं केलं त माहे डोये दुखाले लागले. अन मी कसा बोलतो? घास तोंडात ठेवून बोलतो. पाठ करून बोलतो. अन वरून ह्या मिशा."

काकांच्या मिशा झुपकेदार आहेत, वरचा ओठ पूर्ण झाकणाऱ्या. सोयरिकीच्या माणसाला शोभतात म्हणून त्यांनी त्या कधी कापू दिल्या नव्हत्या.

"एक डाव नाही म्हनली थे, का मिशा काढा," काका म्हणाले. "बाकी सगळ्याहून भांडली."

"थकत असतील काकू," मी म्हणालो.

"मंग काय त. अन आमाले वाटे, डोये मिटते म्हनजे भांडन टाळते." काकांनी दुपट्ट्यानं नाक पुसलं आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जा आता. लोकायले सांग, सामना बरोबरीत सुटला."

डीपी बदलून यायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका न्हाव्याकडे गेले आणि परत आले ते वरचा ओठ उघडा करून. गल्लीत ज्यानं त्यानं थांबवून विचारलं. काका प्रत्येकाला सांगत होते, "बिजवर घरात आनला ना, त्याच्यासमोर आपन म्हातारं कायले दिसाचं?" काकूंनी त्यांना अंगणात पाहिलं, झाडू हातात तसाच धरून कितीतरी वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कोन आलं वं घरात?" मग तोंड फिरवून झाडायला लागल्या.

त्या संध्याकाळी पुन्हा धडधडाट सुरू झाला. गल्ली आता भांडण ऐकायला जमली नव्हती, ज्याचा तो कामात होता. थोड्या वेळानं नवी डीपी जोडली गेली. लाईन आली. रस्त्यावरचा दिवा लागला, माझ्या घरातला लागला, समोरच्यांचा टीव्ही सुरू झाला. काकांच्या परसातलं इंजिन मात्र चालूच. मला वाटलं, खटका तिकडे ओढलेला आहे, लाईन आलेली त्यांना कळली नसेल. डिझेल उगाच जळतंय. सांगायला गेलो.

दारात उभा राहून ओरडलो, "काका, लाईन आली!"

अर्थातच कुणाला ऐकू गेलं नाही. काकू काहीतरी सांगत होत्या, लांबलचक, बहुधा माहेरचं. काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत पहिल्या बाकावर बसावं तसे बसले होते. डोळे काकूंच्या ओठांवर. मी हात हलवले. काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्यावरच्या दिव्याकडे बोट दाखवलं. त्यांनी दिव्याकडे पाहिलं. परसाकडे पाहिलं.

मग मला हातानं 'जा' अशी खूण केली आणि पुन्हा काकूंकडे तोंड करून बसले.